९५ ऑक्टेनचं पेट्रोल साध्या गाडीत: पुण्यातल्या वापराचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो. स्विफ्ट, डिझायर, वॅगनआर, आय१०, टियागो, अमेझ अशी कुठलीही साधी, टर्बो (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी असेल तर ९५ ऑक्टेनवाल्या पेट्रोलला जास्तीचे पैसे देऊ नका. पिकअप वाढत नाही, मायलेज वाढत नाही आणि इंजिनाचं आयुष्य त्या ऑक्टेनच्या आकड्यामुळे तरी वाढत नाही. टर्बोवाल्यांचं गणित थोडं वेगळं आहे, ते खाली लिहिलंय.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे हल्ली पंपावर गाडी लावली की पहिला प्रश्न "साहेब, पावर टाकू ना?" असाच येतो, साधं हवंय का हे कुणी विचारतच नाही, आणि मागे लाइन लागलेली असते, ऑफिसला उशीर झालेला असतो, त्यामुळे माणूस हो म्हणून मोकळा होतो. एका पंपावर तर मी काच खाली करेपर्यंत प्रीमियमचं नोझल टाकीत गेलं होतं. "तेच टाकतात सगळे" असं उत्तर मिळालं. माझ्या आईसोबत, बायकोसोबत हे जास्त होतं, त्यांना तर सरळ "मॅडम, याने इंजिन चांगलं राहतं" म्हणून सांगतात. याचा मला खरंच राग येतो, कारण मुद्दा सात-आठ रुपयांचा असला तरी तो दर लिटरला आहे आणि आयुष्यभराचा आहे.

तर प्रॉडक्ट काय आहे ते आधी. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, एचपीचं पॉवर९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, ही सगळी प्रीमियम मंडळी. मी कंपनी बदलून बदलून भरलंय आणि हा रिव्ह्यू कुठल्या एका ब्रँडचा नाही, ९५ ऑक्टेन या गोष्टीचा आहे. मी हिशोब केला तेव्हा पुण्यात साधं पेट्रोल १०४ च्या आसपास आणि ९५ वालं १११-११२ च्या आसपास होतं, पैसे वरखाली होतात पण फरक साधारण तेवढाच राहतो. याच्याही वर १०० ऑक्टेनवालं आहे, इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, माझ्या हिशोबाच्या वेळी त्याचा भाव १६० च्या घरात होता.

माझी गाडी २०२१ ची डिझायर, बाराशे सीसी, मॅन्युअल. रोजचं जाणं-येणं धायरी ते हिंजवडी, म्हणजे सिंहगड रोड, वडगावचा पूल, मग बायपास, चांदणी चौक, बाणेर आणि पुढचं ते प्रसिद्ध ट्रॅफिक. महिन्या-दोन महिन्यांतून साताऱ्याला गावी, त्यामुळे खंबाटकी आलाच. मायलेज मोजायची माझी पद्धत एकच, टाकी फुल करायची, ऑटो कट झालं की थांबायचं, पुढच्या वेळी त्याच पंपावर त्याच मशिनला परत फुल करायची आणि किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, तो जरा जास्तच गोड बोलतो. काही टाक्या सलग ९५ च्या, मग काही सलग साध्याच्या, असं आलटून पालटून बरेच दिवस केलं, कारण एका टाकीवरून काही कळत नाही, एक दिवस नवले पुलाला अर्धा तास अडकलात की सगळा हिशोब बदलतो.

आकडे विचाराल तर शहरात १५-१६ आणि हायवेला २०-२१, दोन्ही पेट्रोलवर. कधी ९५ वाली टाकी थोडी जास्त द्यायची, कधी साधी, पण तो फरक ट्रॅफिकचा आणि एसीचा होता. भरल्या भरल्या गाडी हलकी वाटते असं सगळे म्हणतात ना, ते मलाही पहिल्या दिवशी वाटलं, पण दुसऱ्या आठवड्यात कुठलं पेट्रोल आहे हे बायकोला न सांगता गाडी चालवायला दिली तर तिला काहीही ओळखता आलं नाही, आणि गाडीतला बारीक आवाजसुद्धा तिला माझ्या आधी ऐकू येतो.

आता असं का, हे समजून घेतलं की पंपावर कुणी गंडवू शकत नाही. ऑक्टेन नंबर पेट्रोलमध्ये किती ताकद आहे ते सांगत नाही. ते पेट्रोल दाब आणि उष्णता किती सहन करतं, स्पार्क पडायच्या आधी किंवा स्पार्कची ज्योत पोचायच्या आधी आपोआप पेट घेतं की नाही, एवढंच तो सांगतो. मोजायची पट्टीही तशीच आहे, आयसोऑक्टेन नावाचं द्रव्य लवकर आपोआप पेटत नाही म्हणून त्याला १००, नॉर्मल हेप्टेन पटकन पेटतं म्हणून त्याला ०, आणि आपलं पेट्रोल ९५ टक्के आयसोऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं की ते ९५ ऑक्टेन. एका लिटरमधली ऊर्जा यात कुठेच येत नाही.

इंजिनात होतं काय, की पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, स्पार्क पडतो, ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. कडेला जे मिश्रण अजून जळायचं बाकी असतं ते तोपर्यंत आणखी दाबलं जातं, आणखी तापतं, आणि पेट्रोल कमी ऑक्टेनचं असेल तर ज्योत पोचायच्या आतच तिथे भडका होतो. हेच नॉकिंग. कमी स्पीडला वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो तो हाच. जास्त वेळ चाललं तर पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळ्यांची वाट लागते, त्यामुळे नॉकिंग ही गंभीर गोष्ट आहे यात वाद नाही.

पण तुमचं इंजिन ज्या ऑक्टेनसाठी बनवलंय त्यावर ते नॉक करत नसेल तर ऑक्टेन वाढवून मिळणार काय? जी गोष्ट होतच नव्हती ती आता जास्त जोरात होत नाही, एवढंच. माझ्या डिझायरच्या इंजिनाचं कम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १२ ला १ आहे, म्हणजे चांगलंच जास्त, तरी कंपनीने ते आपल्या देशातल्या साध्या पेट्रोलवर चालेल असंच ट्यून केलंय. गाडी विकणाऱ्याला माहीत असतं की ती गेवराईच्या पंपावरही भरली जाणार आणि गडहिंग्लजच्याही.

आजच्या गाड्यांना इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, छोटा बोल्टने बसवलेला, तो थरथर ऐकतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगतो, मग ईसीयू स्पार्क थोडा उशिरा पाडतो. उशिरा पाडला की नॉकिंग थांबतं पण ताकद आणि मायलेज थोडं जातं. जास्त ऑक्टेनचा फायदा व्हायचा तर तो इथेच होतो, की ईसीयूला स्पार्क मागे घ्यावा लागत नाही. म्हणून मी ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते, बघत खंबाटकी चढलो, म्हणजे चालवत मेहुणा होता आणि मी बघत होतो, चालवताना फोन बघू नका. एसी चालू, चार माणसं, तिसरा गिअर, तोच वेग. साध्या पेट्रोलवर जे अंश दिसले तेच ९५ वर दिसले. ईसीयू साध्यावर स्पार्क मागे घेतच नव्हता तर ९५ वर परत पुढे आणणार कुठून? माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला, मायलेजच्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त पटलं.

आणि हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या मोठ्या संस्थेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या तीन गाड्या घेतल्या, चार सिलिंडरची माझदा ३, सहाची डॉज चार्जर, आठची टोयोटा टंड्रा, आणि प्रीमियम भरून ताकद, मायलेज, धूर सगळं तपासलं. काहीही ठोस फायदा नाही. पुढच्या वर्षी त्यांनी अशा गाड्या घेतल्या ज्यांना कंपनी प्रीमियम वापरा अशी शिफारस करते पण सक्ती करत नाही, तिथे फायदा निघाला सरासरी २.७ टक्के मायलेज आणि १.४ टक्के ताकद. एक लक्षात ठेवा, अमेरिकेतला पंपावरचा आकडा आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काढतात, दोन चाचण्यांची सरासरी घेतात, त्यामुळे त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२. व्हिडिओ बघून "तिकडे ९३ भरतात, आपल्याकडे ९१ म्हणजे किती भंगार" असं म्हणणारे खूप भेटतात, तसं काही नाही.

आता तो २.७ टक्के आकडा आपल्या खिशाला लावून बघा. १०४ च्या जागी ११२ दिले म्हणजे पावणेआठ टक्के जास्त दिले. १६ चं मायलेज असलेल्या गाडीने ९५ वर १७.२ दिलं तर कुठे बरोबरी होते, फायदा तर त्याच्याही पुढे. शिफारस असलेल्या गाड्यांमध्येही एवढं निघालं नाही. १०० ऑक्टेनचा हिशोब तर करूच नका, १६० रुपये लिटरला बरोबरी करायला त्याच गाडीने साडेचोवीसच्या वर द्यायला हवं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र इथेनॉलची आहे आणि ती पंपावर कुणीच सांगत नाही. आपल्याकडे पूर्वी साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं, मग ९१ झालं, आणि आता ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल आल्यावर साधं पेट्रोलच ९५ ला पोचलंय असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः सांगितलं. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या पुढे असतं, ते मिसळलं की नंबर वाढतोच. मग ज्या आकड्यासाठी तुम्ही आठ रुपये जास्त देताय तो आकडा साध्या नोझलमध्येही आहे की! मला हे कळलं तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच टाकलं आणि दोन दिवस त्यावरच चर्चा चालली.

आणि बघा, ऑक्टेन आणि ऊर्जा वेगळ्या हे याच इथेनॉलवरून स्वच्छ दिसतं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. त्यामुळे ई२० वर मायलेज उतरतं, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीचं ६-७ टक्के उतरू शकतं आणि ई१० साठी बनवून ई२० साठी कॅलिब्रेट केलेल्या गाडीचं १-२ टक्के. माझी २०२१ ची आहे, मला ते उतरलेलं जाणवलंय, शहरात जी आधी सहज १६ च्या वर जायची ती आता १५ ला जास्त रेंगाळते. बरेच लोक यावर उपाय म्हणून ९५ भरायला लागलेत, त्यांना कळकळीने सांगतो की ९५ वाल्या नोझलला गेलात म्हणून इथेनॉल टळत नाही. १०० वालं जे लोक भरतात ते मुख्यतः इथेनॉलच्याच भीतीने भरतात, जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील, वर्षातून चारदा काढायची ठेवणीतली बाइक वगैरे, तिथे मी समजू शकतो. पण रोज हिंजवडीला जायच्या गाडीत सात टक्के मायलेज वाचवायला ५४ टक्के जास्त भाव, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

पुण्याचं अजून एक. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहोत, हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनात सिलिंडरमधला दाबही थोडा कमी आणि ऑक्टेनची गरजही थोडी कमी. अमेरिकेत कोलोराडोसारख्या उंच राज्यात याच कारणाने कमी ऑक्टेनचं साधं पेट्रोल विकतात. तर मुंबईचा मावसभाऊ काय भरतो ते बघून पुण्यात भरायचं काही कारण नाही.

टर्बोवाल्यांसाठी. टर्बोमध्ये हवा आधीच दाबून आत येते, त्यामुळे नॉकिंगची शक्यता जास्त, आणि ईसीयूला खेळायला जागाही जास्त. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस, स्लाविया, कुशाक, रांजणगावची नेक्सॉन टर्बो पेट्रोल, क्रेटा टर्बो, या गाड्यांमध्ये जास्त ऑक्टेन कामाला येऊ शकतं. माझ्या मेहुण्याकडे एक लिटरची टर्बो आहे, ई२० सगळीकडे यायच्या आधी आम्ही भर एप्रिलमध्ये महाबळेश्वरला गेलो होतो, पसरणी घाटात पाच माणसं आणि डिकी फुल, तेव्हा ९५ वर ती जास्त सलग खेचत होती, साध्यावर वळणातून बाहेर पडताना क्षणभर दमल्यासारखी व्हायची. तिथे मी नाही म्हणणार नाही. पण तीच गाडी कर्वे रोडला सिग्नल टू सिग्नल चालवताना काहीही फरक नव्हता, कारण तिथे टर्बोवर लोडच येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की टर्बो असेल, उन्हाळा असेल, घाटाची ट्रिप असेल तर तेवढी टाकी भरा, रोजसाठी गरज नाही. आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो, मॅन्युअलमध्येही एक पान असतं, तिथे कमीत कमी किती आरओएन (म्हणजे आपला हाच ऑक्टेन नंबर) हवं ते छापलेलं असतं. तिथे ९५ लिहिलं असेल तर ९५ च, त्यात काटकसर नको. ९१ लिहिलं असेल तर पंपावरच्या पोराचं ऐकायचं नाही, कंपनीचं ऐकायचं.

"पण त्यात क्लीनिंगचं केमिकल असतं ना?" हा पुढचा प्रश्न. असतं. डिटर्जंट असतात आणि ते काम करतात, इनटेक व्हॉल्व्हवर आणि इंजेक्टरवर जमणारी घाण कमी होते, पण तो ऑक्टेनपेक्षा वेगळा विषय आहे, दोन्ही एकाच नोझलमधून येतात म्हणून एकच वाटतात. शिवाय ज्या टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, मग ते धुणार कसं. माझ्यासारख्या साध्या पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारणाऱ्या गाडीला अधूनमधून एखादी टाकी भरली तर ठीक आहे, कायम भरायची गरज मला दिसली नाही. आमचे वडगावचे मेकॅनिक, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी माझा थ्रॉटल बॉडी आणि प्लग काढून दाखवले, कायम प्रीमियमवर चालणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या तशाच गाडीचे प्लगही बाजूला ठेवले होते. दोन्हीकडे टोकाला तोच फिकट तपकिरी रंग, गॅपही जवळपास सारखाच. "यातला महागडा कुठला ते तूच सांग," म्हणाले.

मामांचाच अजून एक मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यांच्याकडे एक जुनी सँट्रो आली होती, मालक नॉकिंग थांबावं म्हणून कायम महाग पेट्रोल भरायचे आणि आवाज थोडा दबायचा. मामांनी उघडली तर आत कार्बनचा थर आणि प्लग चुकीच्या नंबरचे. कार्बनने कम्प्रेशन वाढतं, तापून लाल झालेला कण स्वतःच ठिणगीचं काम करतो, मग साधं पेट्रोल पुरत नाही. साफ केलं, योग्य प्लग टाकले, साध्यावर गाडी गप्प. म्हणून आधी नीट चालणारी गाडी अचानक साध्या पेट्रोलवर खडखड करायला लागली तर जास्त ऑक्टेन भरून आवाज दाबू नका, दाखवून घ्या. दोन-तीन फुल टाक्यांच्या वरच्या पैशात एअर फिल्टर येतो, पाच-सहा टाक्यांत प्लगचा सेट निघतो, आणि हवा चेक करायला तर पैसेच लागत नाहीत. माझ्या गाडीला टायरची हवा नीट ठेवल्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच पेट्रोलने पडला नाही. दुकानात मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांनाही साध्या गाडीत हेच सगळं लागू.

ज्यांनी आजवर ९५ भरलंय त्यांनी घाबरू नका, इंजिनाला त्याने काही नुकसान होत नाही. टाकीत अर्धं ९५ असताना वरून साधं भरलं तरी चालतं, दोन्ही मिसळतात, मधला कुठला तरी ऑक्टेन होतो, टाकी रिकामी करत बसायची गरज नाही. आणि एखाद्या पंपावर "साधं संपलंय, फक्त पावर आहे" असं ऐकायला मिळालं, लाँग वीकेंडला हायवेला हे फार होतं, तर पाचशेचं टाका आणि पुढच्या पंपावर जाऊन फुल करा.